घरचे अन्न आणि विकतचे अन्न : एक ऐतिहासिक मागोवा

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत इतिहास म्हटला म्हणजे मूळ गावे, जुन्या सनदा, कुलदैवते आणि ज्ञातीत होऊन गेलेल्या कर्त्या पुरुषांची चरित्रे असा एक क्रम ठरून गेला आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या एका खोलीत ज्ञातीचे ज्ञातिपण पिढ्यानुपिढ्या प्रत्यक्ष सांभाळले गेले, ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. आणि तिचा इतिहास लिहावा असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटले. जुन्या काळी एका ज्ञातीची दुसरीहून वेगळी अशी ओळख दोन व्यवहारांनी ठरे, बेटीव्यवहार आणि रोटीव्यवहार. पैकी बेटीव्यवहाराची दप्तरे आपण काळजीने जपली आहेत, वंशावळी छापल्या आहेत. रोटीव्यवहाराचे दप्तर कोणी ठेवले नाही. ते बायकांच्या हातांत होते आणि त्यांच्याबरोबरच गेले.

हा विषय आज घेण्यास एक निमित्तही आहे. ज्ञातीच्या मेळाव्यात चार वडीलधारी माणसे एकत्र आली की एक तक्रार हमखास ऐकू येते : हल्ली घरात काही होत नाही, मसाला पुडीतला, भाजणी पुडीतली, पोळ्या केंद्रातून आलेल्या आणि चतुर्थीचे मोदकसुद्धा आधी सांगून ठेवलेले; आमच्या वेळी सर्व घरीच होत असे. (ही तक्रार बहुधा कंत्राटदाराने शिजविलेल्या संमेलनाच्या जेवणाची पंगत चालू असतानाच होते, हा भाग वेगळा.) तक्रारीचा रोख अर्थातच सुनांकडे असतो. या तक्रारीत तथ्य किती आणि विस्मरण किती, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की सर्व काही घरी होत असे, असा काळ आपल्या इतिहासात केव्हाही नव्हता. मीठ आगरातून येई, तेल घाण्यावरून, गूळ गुऱ्हाळातून, हिंग तर अफगाणिस्तानातून. लवंग, दालचिनी, जायपत्री हे जिन्नस व्यापाऱ्याच्या गोणीतूनच उतरत. जुन्या माणसांचा कटाक्ष विकत घेण्यावर नव्हता. कोणाचा हात लागला आणि पाणी लागले की नाही, यावर होता. भडभुंज्याकडचे चणे, कुरमुरे, लाह्या चालत; हलवायाकडचे पेढे चालत; दुधातुपाच्या आणि कोरड्या भाजलेल्या पदार्थांना मुभा होती. पाण्यात शिजलेला भात, वरण, भाकरी मात्र परक्या हातची चालत नसे. म्हणजे आज आपण ज्याला घरच्या अन्नाची आवड म्हणतो, तिच्या मुळाशी चव किंवा आरोग्य नसून सोवळे होते. हे कबूल करण्यास आपण कचरतो, पण कागदोपत्री पुरावा दुसरे काही सांगत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन आहे, ते वाचकांना आठवत असेलच. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घेतले जाई. मीठ धुतल्यावर काय उरत असेल, हा प्रश्न त्या घरातील बायकांना पडला असणार. पण विचारणार कोणाला?

विकतच्या अन्नाने पहिला मोठा वाद उभा केला तो पावाच्या रूपाने. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद न मानणाऱ्यांची ही गुप्त मंडळी होती, आणि तीत प्रवेश घेताना ख्रिस्ती भटारखान्यातील पाव खावा लागे. विचार करण्यासारखी गोष्ट आहे : एक तुकडा पाव. त्या एका तुकड्याने माणूस जातीबाहेर जातो हे सुधारकांनाही मान्य होते आणि सनातन्यांनाही. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली तेव्हा सभा पाहता पाहता विस्कटली. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी त्या सर्वांची नावे वृत्तपत्रात छापून आणली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर टिळकांनी व रानड्यांनीही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करला. एक पेला चहा आणि एक बिस्किट यांवर त्या काळच्या महाराष्ट्राची उत्तमोत्तम डोकी महिनोन्महिने खर्ची पडली. आज ज्या बिस्किटाचा पुडा आपण लहान मुलाच्या हाती सहज देतो, त्या बिस्किटाचा हा पूर्वेतिहास आहे.

या वादाचा निकाल शास्त्रार्थाने लागला नाही, तो नोकरीने लावला. कोकणातून आणि देशावरून तरुण मुंबईस आले, कचेऱ्यांत व गिरण्यांत लागले, आणि बिऱ्हाड करण्याइतकी प्राप्ती नसल्यामुळे एकटे राहिले. त्यांना जेवण कोणी तरी विकत देणे भागच होते. तेव्हा खानावळी निघाल्या. आणि त्या प्रथम ज्ञातिवार निघाल्या हे ओघानेच आले. विकतचे अन्न परके होते, परंतु ते शिजविणारा हात आपला असावा, अशी ही तडजोड होती. उपहारगृहांच्या पाट्यांवर जातीचा उल्लेख असे तो याच कारणाने. दादरला १९१० साली निघालेल्या मामा काण्यांच्या उपहारगृहाच्या नावातच 'स्वच्छ' हा शब्द आहे. विकतचे अन्न स्वच्छ असू शकते, हे गिऱ्हाइकास पाटीवरून सांगावे लागत होते, असा त्याचा अर्थ आम्ही करतो. सोवळ्याची जागा स्वच्छतेने घेतली ती अशी, एकेका पाटीने.

दुसरी तडजोड अधिक कल्पक होती. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू केला. मावळ, खेड, जुन्नर या भागांतील माणसे त्यात आली आणि डबेवाल्यांची संस्था उभी राहिली. तिच्या अचूकपणाची कौतुके जगभर झाली आहेत, ती पुन्हा सांगत नाही. आम्हांस येथे एवढेच दाखवायचे आहे की घरचे अन्न ही वस्तूसुद्धा शंभराहून अधिक वर्षे पैसे मोजूनच कचेरीत पोहोचत आली आहे. आणि तो डबा वेळेवर भरून तयार राहावा म्हणून घरातील बाई पहाटेपासून चुलीपुढे असे. डबेवाल्याची मजुरी महिन्याच्या हिशेबात लिहिली जाई. तिची नव्हती.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. खानावळ, उपहारगृह, फराळाचे दुकान या धंद्यांत उच्चवर्णीय गरिबास जशी वाट सापडली, तशी ती अस्पृश्य मानलेल्या समाजास सापडली नाही. त्यांच्या हातचे अन्न विकत घेणारा गिऱ्हाईकच नव्हता. इतकेच नव्हे, तर गिऱ्हाईक म्हणून त्यांना आत बसूही दिले जात नसे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने १९५० साली उपहारगृहे व दुकाने सर्वांस मोकळी केली. रोटीव्यवहाराच्या इतिहासात ही तारीख आपल्या कोणत्याही ज्ञातिपरिषदेच्या ठरावाहून मोठी आहे.

आता घरात होत असे म्हणजे नेमके काय होत असे, याकडे वळू. पहाटे जाते सुरू होई. दिवसाच्या भाकरीचे पीठ त्या त्या दिवशी दळावे लागे, कारण ज्वारी-बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही. भात उखळात सडायचा, पाखडायचा. वाटण पाट्यावर. पाणी विहिरीवरून. मार्गशीर्ष-पौषात तीळ, चैत्र-वैशाखात वाळवणे. एक कुरडई घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग वाटून, चोथा पिळून काढून चीक बसवायचा. वरचे पाणी दुसऱ्या दिवशी ओतून टाकायचे, चीक मोजायचा, तितक्याच पाण्याच्या आधणात तो गुठळी न होऊ देता शिजवायचा, ऊन असतानाच सोऱ्यात भरून घालायचा, आणि दोन-तीन दिवस कावळ्यांपासून व वळवाच्या सरीपासून राखायचा. शिजवताना हात थांबला तर सारे वाया. हीच गोष्ट पापडाची, सांडग्यांची, शेवयांची. गोड्या मसाल्यासाठी धने, खोबरे, तीळ, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र असे प्रत्येक जिन्नस वेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची भाजणी निराळी. आणि मग खलबत्त्यात कुटून चाळायचे. मेतकूट, भाजणी, सांबारे, पंचामृत, मुरांबे यांचा विस्तार करीत नाही.

हे सर्व करणारे हात कोणाचे होते? घरच्या यजमानिणीचे होते, सुनांचे होते, हे खरेच. पण ज्यांनी ती जुनी घरे आतून पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे की या कष्टांचा मोठा वाटा एका निराळ्याच व्यक्तीच्या अंगावर असे. प्रत्येक मोठ्या घरात एक आत्या, एक काकू, एक मावशी असे. वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी वैधव्य आलेली, केशवपन झालेली, एक वेळ जेवणारी. तिला मंगल कार्यात समोर येण्याची बंदी होती. त्या कार्याचा स्वयंपाक मात्र तिच्या सोवळ्यावाचून होत नसे. लाडवांचा पाक तिने पाहायचा, पुरणाचा शिजलेपणा तिने ठरवायचा आणि पंगत बसली की मागील दारी जायचे. हिला वेतन नव्हते, कारण ती घरची होती. हिला वाटा नव्हता, कारण ती विधवा होती. हिंदू स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा १९३७ साली झाला, आणि त्यानेही तिला मर्यादितच अधिकार दिला. पूर्ण मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने आली. आपण ज्याला आजीच्या हातची चव म्हणून हळहळतो ती चव पुष्कळदा या बाईची होती. ज्ञातीच्या वंशावळीत तिचे नाव शोधू गेल्यास 'अमुक यांस एक बहीण' एवढाच उल्लेख मिळतो, आणि कित्येकदा तोही नाही.

म्हणूनच १८९६ साली अण्णासाहेब कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास सेवासदन सुरू झाले, तेव्हा सनातन्यांनी जी ओरड केली तिच्यात धर्माच्या चिंतेबरोबर स्वयंपाकघराची चिंताही मिसळलेली होती, असे आमचे मत आहे. आत्या शिकून शिक्षिका किंवा परिचारिका झाली, तर पापड कोण लाटणार?

घरातील कष्ट बाहेर जाण्याची पहिली पायरी पुडीची नव्हे, गिरणीची आहे. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि जाते भिंतीला लागले. आज गिरणीतून दळून आणलेल्या पिठाच्या पोळीस विकतची पोळी असे कोणी म्हणत नाही. पण त्या वेळी हा बदल लहान नव्हता. गांधीजींनी १९३४ च्या अखेरीस वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, तेव्हा हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ हे त्याच्या कार्यक्रमातील महत्त्वाचे विषय होते. गिरणीच्या सडीत तांदळाचा कस कोंड्याबरोबर जातो, हे त्यांचे म्हणणे शास्त्रास धरून होते. कोंड्यातील जीवनसत्त्व गेल्याने बेरीबेरी होतो हे तोवर सिद्ध झालेले होते. हातसडीच्या संरक्षणासाठी भात गिरण्यांवर नियंत्रण आणणारा कायदाही १९५८ साली संसदेने केला. परंतु कायद्याने उखळ परत आले नाही. याचे कारण साधे आहे : ज्यांनी जात्याचा पुरस्कार केला ते जात्यावर बसत नव्हते, आणि ज्या बसत होत्या त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी गिरणीचाच कौल दिला असता.

तरीही जात्याबरोबर काय गेले याची मोजदाद करता येते. हेमा राईरकर आणि गी प्वातवें या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर भरली. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, पुढे आंबेडकर, अशा सर्व विषयांवर बायकांनी रचलेले एवढे वाङ्मय केवळ दळण्याच्या घटकेत निर्माण झाले होते, कारण तेवढीच घटका त्यांची स्वतःची होती. गिरणीने खांदे वाचविले आणि ती घटका संपविली. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.

यानंतर इतिहास वेगाने धावतो. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि तुपाचा वास घरातून हळूहळू उतरला. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून विकले जाऊ लागले, तेव्हा भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारला करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. भात खाणाऱ्या कोकणी कुटुंबांच्या पिशवीत गहू पडला, आणि पुढे १९५६ च्या करारानंतर तो अमेरिकेतून येऊ लागला. दुष्काळाच्या वर्षांत लाल मिलो आली, तिच्या भाकरीची आठवण अजून पुष्कळांस आहे. पोळी घरची, गहू परदेशातला. अशा पोळीस घरची म्हणावे की विकतची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आणि भुकेच्या वेळी तो विचारायचाही नसतो.

शिवाय चाळ. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत असताना उखळ कोठे मांडणार, कुरडया कोठे वाळविणार? गच्ची सर्व बिऱ्हाडांची, आणि मोरी तीन घरांत एक. गावच्या वाड्यात जे होत होते ते गिरगावच्या चाळीत होईना, यात सुनेच्या आळसाचा काही संबंध नव्हता, जागेचा होता. त्यामुळे जी गरज उभी राहिली ती ओळखणारी माणसेही त्याच गिरगावातून निघाली. विश्वनाथ परशराम बेडेकर यांनी १९१० साली गिरगावात किराणा मालाचे दुकान काढले आणि त्या दुकानातून पुढे मसाल्यांचा व लोणच्यांचा धंदा वाढला. मराठी घराला आपल्या चवीचे लोणचे बरणीतून विकत मिळू शकते ही कल्पना रुजविण्यात त्या दुकानाचा वाटा मोठा आहे.

परंतु या साऱ्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण तारीख आम्हांस विचाराल तर ती १५ मार्च १९५९ ही होय. त्या दिवशी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल उसने ऐंशी रुपये, तेही सामाजिक कार्यकर्ते छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हाच पुढे लिज्जत पापड या नावाने ओळखला गेलेला श्री महिला गृह उद्योग. त्यातील सुमारे ४५ हजार भगिनी सकाळी केंद्रातून कणीक घेऊन जातात, आपापल्या घरी पापड लाटून वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी आणून देऊन मजुरी घेतात. आणि त्या सर्व संस्थेच्या भागीदार असतात. मूळच्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

हे पापड घरचे की विकतचे? ते घरातच लाटले जातात, बाईच्याच हाताने, त्याच पोळपाटावर. फरक एवढाच की लाटणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळतात. मागे ज्या आत्याचा उल्लेख केला, तिच्याच हातांचा हा पुढचा अध्याय आहे, असे आम्ही समजतो. पुडीवर तिचे नाव नसते, जातही नसते. आणि परमहंस सभेला जे गुप्तपणे पाव खाऊन साधले नाही ते पापडाच्या पुडीने कोणाच्या लक्षात न येता साधले. हा पापड कोणाच्या हातचा, असे विचारून आजवर कोणी दुकानातून तो परत केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गिरणगावातही असेच होते. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका आपल्या एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करीत. पगार झाला की पैसे मिळत. तोवर वाण्याचे उधार आणि सावकाराचे व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्यांच्या कामास धंदा असे नाव मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांच्या ताटांवर ज्यांचे घर चालत होते त्या खानावळीही त्यांच्याबरोबर बसल्या. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत. खानावळवाल्यांनी किती दिवस उधारीवर जेवू घातले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पाककृतींच्या पुस्तकांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० सालचे. आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालची, जिच्या प्रती लाखाच्या वर खपल्या. सासू जवळ असलेल्या घरात पुस्तकाची गरज नसते. 'रुचिरा'तील वाटी-चमच्याचे माप त्या मुलीसाठी होते जी लग्न होऊन परगावी, कदाचित परदेशी, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकटी उभी होती. म्हणजे घरचा स्वयंपाक शिकण्यासाठीसुद्धा विकतचे पुस्तक लागू लागले. आणि त्या पुस्तकांनी जे लिहून ठेवले तेवढेच टिकले.

त्याच काळात हॉकिन्सचा कुकर (कंपनीची स्थापना १९५९) आणि सुमीतचा मिक्सर घरात आले. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद चोरडिया यांनी मसाल्यांचा धंदा सुरू केला, १९६३ साली गिट्सची तयार पिठे निघाली, आणि १९८३ मध्ये मॅगीच्या शेवया आल्या. येथून पुढचे वाचकांच्या डोळ्यांदेखत घडले आहे.

आजची स्थिती आकड्यांत पाहावी. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी घराच्या एकूण मासिक खर्चापैकी १०.६४ टक्के भाग पेये, प्रक्रिया केलेले पदार्थ व तयार जेवण यांवर गेलेला दिसतो. धान्यावर अवघा ३.६४ टक्के. दुसरीकडे २०१९ च्या कालविनियोगाच्या पाहणीप्रमाणे घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या बाईचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटांचा. पुरुषाचा ९७ मिनिटांचा, आणि तोही जे पुरुष अशी कामे करतात त्यांचाच, म्हणजे शंभरांत सुमारे सव्वीस जणांचा. इतक्या पुड्या विकत घेऊनही बाईची पाच तासांची हजेरी सुटलेली नाही. मेळाव्यातील तक्रार करणाऱ्या मंडळींनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचून पाहावा.

मात्र सर्व विकतचे अन्न एका तराजूत घालणे आम्हांस मान्य नाही. शेजारच्या बाईने लाटलेली पोळी, बचत गटाची भाजणी, गृहउद्योगाचा मसाला ही एक जात. यांत जिन्नस तेच असतात जे घरात असते. केवळ हात बदलतो. कारखान्यात धान्याचे घटक वेगळे काढून, पुन्हा मीठ, साखर, चरबी, रंग आणि सुगंध घालून जोडलेले पदार्थ ही निराळी जात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत या दुसऱ्या प्रकारच्या अतिप्रक्रियायुक्त अन्नाविषयी स्पष्ट इशारा दिला आहे आणि पुडीवरील मजकूर वाचून घ्यावा असे सांगितले आहे. वडीलधाऱ्यांचा रोष मात्र पहिल्या जातीवर अधिक असतो. पोळ्या बाहेरून आल्या की त्यांना खटकते. नातवाच्या हातातील चकाकत्या पुडीवर ते काही बोलत नाहीत, कित्येकदा ती त्यांनीच आणलेली असते.

जे खरोखर जात आहे ते वेगळेच, आणि त्याची खंत आम्हांसही आहे. कारखान्याचा गोडा मसाला बारा महिने एकाच चवीचा असतो. घरोघरचा तसा नसे. एकाच आळीतील तीन घरांच्या आमटीचा वास तीन प्रकारचा येई. एका घरी दगडफूल जास्त, दुसऱ्या घरी खोबरे लालसर होईपर्यंत भाजलेले, तिसऱ्या घरी सासूच्या माहेराहून आलेला एखादा जिन्नस, ज्याचे नाव शेजारणीस सांगत नसत. ही विविधता कोणत्याही ग्रंथात नाही. ती पुडीने एकाएकी मारली असेही नाही. ती लिहून ठेवण्याजोगी आहे असे ज्यांना लिहिता येत होते त्या पुरुषांना कधी वाटले नाही, म्हणून ती जात आहे.

यास्तव ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची एक विनंती आहे. आपल्या घरी पूर्वी होत असलेल्या एका तरी पदार्थाची कृती, मग तो मसाला असो, लोणचे असो की वाळवण, वजनामापासह कागदावर लिहून संस्थेच्या कार्यालयात द्यावी. शेर, पायली, चिपटे ही जुनी मापे आठवत असतील तर तीच लिहावीत. मजकूर शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. ज्या शब्दांत सांगितली जात असे त्याच शब्दांत असावी. घरातील वृद्ध स्त्रीस लिहिणे जमत नसेल तर नातवंडांनी तिच्या जवळ बसून उतरून घ्यावे, आणि शक्य झाल्यास तो पदार्थ एकदा करवून घेण्याऐवजी तिच्या देखरेखीखाली स्वतः करून पाहावा, मुलग्यांनीही. कृतीच्या खाली ती करणाऱ्या स्त्रीचे नाव अवश्य लिहावे, माहेरचे आणि सासरचे दोन्ही, आणि ती घरात कोण होती तेही. आत्या, विधवा काकू, पगारी स्वयंपाकीणबाई, कोणीही असो; नाव गाळू नये. ठाऊक नसेल तर गावी विचारावे. कागद पुढील चैत्रापूर्वी मिळावेत, म्हणजे उन्हाळ्याच्या वाळवणांच्या वेळी ते पडताळून पाहता येतील.